दिदिए देशाँ: मैदानातल्या 'पाणक्या'पासून फ्रान्सच्या प्रशिक्षकापर्यंत – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थोडक्यात ओळख करून द्यायची तर?

जन्म १५ ऑक्टोबर १९६८, फ्रान्सच्या बास्क भागातले बायोन. नाँत, मार्सेय, बोर्दो, युव्हेंटस, चेल्सी आणि व्हॅलेन्सिया हे खेळाडू म्हणूनचे क्लब. फ्रान्सकडून १०३ सामने आणि ४ गोल. १९९८ चा विश्वचषक आणि २००० चा युरो (युरोपीय देशांची स्पर्धा) जिंकणाऱ्या संघाचे कर्णधार. प्रशिक्षक म्हणून मोनाको, युव्हेंटस, मार्सेय आणि जुलै २०१२ मध्ये फ्रान्सचा राष्ट्रीय संघ. तिथे २०१८ चा विश्वचषक आणि २०२१ ची नेशन्स लीग जिंकली, तर २०१६ चा युरो आणि २०२२ चा विश्वचषक अंतिम सामन्यात निसटला.

खेळाडू म्हणून त्यांची जागा कोणती होती? गोल इतके कमी कसे?

बचावफळीच्या अगदी पुढे उभा राहणारा मध्यरक्षक. प्रतिस्पर्ध्याची चाल तोडायची, चेंडू मिळाला की जवळच्या, आपल्यापेक्षा कल्पक खेळाडूकडे सोपवायचा आणि पुन्हा आपली जागा धरायची. युव्हेंटसमध्ये आणि फ्रान्सच्या संघात तो कल्पक खेळाडू बहुतेक वेळा झिदान असे. फ्रान्सच्याच एरिक कंटोना या खेळाडूने त्यांना 'पाणक्या', म्हणजे इतरांसाठी नुसता राबणारा, म्हणून हिणवले होते आणि ते विशेषण त्यांना कायमचे चिकटले. पण या जागेवरून सगळे मैदान समोर दिसते. कोण दमला, कोणाची जागा उघडी पडली, कोणाला आता ओरडायला हवे, हे सतत हेरावे लागते. प्रशिक्षकाचे अर्धे काम हेच असते.

खेळाडू म्हणून नेमके काय काय जिंकले?

१९८५ मध्ये, सतरा वर्षे पूर्ण होण्याआधीच, नाँतकडून पहिला सामना. १९८९ मध्ये मार्सेय, मधला एक हंगाम उसनवारीवर बोर्दो. मार्सेयसोबत फ्रेंच लीगची दोन विजेतेपदे आणि २६ मे १९९३ रोजी म्युनिकमध्ये एसी मिलानला १-० हरवून चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा. तेव्हा कर्णधार देशाँ २४ वर्षांचे होते. १९९२-९३ चे लीग विजेतेपद लाचप्रकरणामुळे मार्सेयकडून काढून घेण्यात आले, पण चॅम्पियन्स लीग क्लबकडेच राहिली. आकडे जुळवताना अनेकांची इथेच गफलत होते.

युव्हेंटसमध्ये १९९४ ते १९९९. इटालियन लीग तीनदा (१९९५, १९९७, १९९८), आणि १९९६ मध्ये आयाक्सला पेनल्टींवर हरवून पुन्हा चॅम्पियन्स लीग. पुढच्या दोन्ही वर्षी अंतिम फेरी गाठून हार. चेल्सीसोबत २००० चा इंग्लंडचा एफए कप. व्हॅलेन्सियात एक हंगाम काढून २००१ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी ते थांबले.

१९९३ चा बल्गेरियाविरुद्धचा सामना इतका का उगाळला जातो?

कारण तो प्रशिक्षक देशाँ समजून घ्यायला फार उपयोगी आहे. १९९४ च्या विश्वचषकासाठी फ्रान्सला घरच्या मैदानावरच्या शेवटच्या दोन सामन्यांतून फक्त एक गुण हवा होता. इस्रायलविरुद्ध २-३ अशी हार झाली. १७ नोव्हेंबर १९९३ रोजी पॅरिसमध्ये बल्गेरियाविरुद्ध शेवटच्या मिनिटाला १-१ बरोबरी होती, म्हणजे फ्रान्स पात्र ठरत होता. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या कोपऱ्याजवळ फ्रान्सच्या ताब्यात होता. तो तिथेच धरून वेळ काढायचा सोडून दाविद जिनोलाने लांब क्रॉस मारला, चेंडू बल्गेरियाकडे गेला आणि काही सेकंदांत कोस्तादिनोव्हने गोल केला. देशाँ त्या सामन्यात मैदानावर होते.

आघाडी असताना चेंडू कुठे धरायचा, किती माणसे मागे ठेवायची, कुणाला पुढे जाऊ द्यायचे नाही, याबाबत त्यांचे संघ जे कमालीचे कंजूष दिसतात, त्याचे मूळ आमच्या मते त्या रात्रीत आहे.

निवृत्तीनंतर थेट मोठ्या क्लबचे प्रशिक्षकपद? मधला अनुभव कुठे आहे?

मधला अनुभव नाहीच. २००१ च्या उन्हाळ्यातच मोनाकोने त्यांना नेमले आणि पहिल्या हंगामात त्याची किंमत मोजली: संघ लीगमध्ये १५ वा. दुसऱ्या हंगामात दुसरा क्रमांक, लियोंपेक्षा एकच गुण कमी, शिवाय लीग कप. २००३ मध्ये क्लबची आर्थिक स्थिती इतकी बिघडली होती की हिशेब तपासणाऱ्या यंत्रणेने आधी दुसऱ्या श्रेणीत ढकलण्याचा निर्णय दिला. तो नंतर फिरवला गेला. पैसा नसल्यामुळे उसने खेळाडू घेणे आले. रेआल माद्रिदने उसना दिलेला मोरिएंतेस हा त्यांतला सगळ्यात गाजलेला.

त्याच हंगामात चॅम्पियन्स लीगमध्ये देपोर्तिवोला ८-३ हरवले. पुढे उपांत्यपूर्व फेरीत माद्रिदमध्ये २-४ हरल्यावर घरी ३-१ जिंकून, एकूण ५-५ अशी बरोबरी असताना बाहेरच्या मैदानावरील जास्त गोलांच्या जोरावर रेआललाच बाहेर काढले, आणि दोन्ही सामन्यांत मोरिएंतेसने आपल्याच मालक क्लबवर गोल केले. उपांत्य फेरीत चेल्सी गारद. २००४ च्या अंतिम सामन्यात मात्र कर्णधार जुली दुखापतीने लवकर बाहेर गेला आणि मोरिन्योच्या पोर्तोने ३-० असा धुव्वा उडवला. सप्टेंबर २००५ मध्ये देशाँ यांनी राजीनामा दिला.

युव्हेंटसला दुसऱ्या श्रेणीत असताना ते का गेले, आणि जिंकूनही का सोडले?

सामनाधिकाऱ्यांच्या नेमणुकीत ढवळाढवळ केल्याच्या २००६ च्या प्रकरणामुळे युव्हेंटसची सेरी बीमध्ये घसरण झाली होती. गुणकपात आधी ३०, मग १७ आणि शेवटी ९ वर आली. बफन, देल पिएरो, नेदव्हेद, त्रेझेगे हे खेळाडू तरीही संघातच राहिले. अशा संघाचे अवघड काम डावपेचांचे नसते. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात खेळलेल्या माणसांना छोट्या शहरांतल्या छोट्या मैदानांवर दर आठवड्याला मन लावून खेळायला लावणे, हे खरे काम. ते झाले, संघ पहिला आला. पण हंगाम संपता संपता, मे २००७ मध्ये, व्यवस्थापनाशी मतभेद होऊन ते बाहेर पडले.

मार्सेयमधली तीन वर्षे कशी होती?

पहिले वर्ष सोन्याचे. २००९-१० मध्ये लीग जिंकली, क्लबसाठी १९९२ नंतर पहिल्यांदा. लीग कप सलग तीन वर्षे. पण तिसऱ्या हंगामात संघ चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत पोचला आणि लीगमध्ये मात्र दहावा आला. याच काळात सहायक गी स्तेफान त्यांच्यासोबत आले आणि पुढे राष्ट्रीय संघातही राहिले.

राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकाला सराव घ्यायला वेळ तरी किती मिळतो?

फारच थोडा. एरवीची फिफा विंडो (देशांच्या सामन्यांसाठी राखलेले दिवस) सोमवारी सुरू होऊन पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारी संपते. त्यात साधारण दोन सामने. अनेक खेळाडू रविवारी रात्री क्लबसाठी खेळलेले असतात. ते सोमवारी पॅरिसच्या नैर्ऋत्येला असलेल्या क्लेरफोंतेनच्या राष्ट्रीय केंद्रात जमतात, मंगळवार बहुतेक शरीर सावरण्यात जातो, आणि पहिला सामना गुरुवारी किंवा शुक्रवारी असला तर संपूर्ण संघासह डावपेचांचा सराव जेमतेम एक-दोन सत्रे होतो. दोन सामन्यांच्या मधला वेळ पुन्हा प्रवास आणि विश्रांतीत.

म्हणून क्लबच्या प्रशिक्षकासारखी गुंतागुंतीची दाबाची पद्धत, म्हणजे सगळ्यांनी मिळून पुढे जाऊन प्रतिस्पर्ध्याकडून चेंडू हिसकावण्याची, इथे बसवता येत नाही. बसवायला गेलात की अकरापैकी दोघे-तिघे चुकीच्या क्षणी पुढे धावतात आणि मधे खिंडार पडते. देशाँ यांनी हे लवकर ओळखले. त्यांचा संघ तीन गोष्टींवर उभा असतो: मधली फळी आणि बचावफळी यांच्यात कमी अंतर, चेंडू मिळाल्यावर वेगवान खेळाडूला लवकर पास, आणि कॉर्नर व फ्री किकची नीट तयारी. हे एक-दोन सत्रांत उजळता येते. उरलेले काम निवडीत.

निवड करताना ते काय पाहतात?

सर्वांत चांगले खेळाडू नव्हे, एकमेकांना पुरे पडणारे खेळाडू, हे त्यांचे सूत्र. विश्वचषकाच्या संघात २०१८ पर्यंत २३ जण असत, २०२२ पासून २६ नेता येतात. त्यातले १२-१३ जण जवळजवळ खेळतच नाहीत, आणि महिनाभर बाकावर बसून कुरकुरणारा माणूस बाकीच्यांनाही बिघडवतो. २०१४ मध्ये समीर नासरीला घरी ठेवताना त्यांनी हे कारण झाकून ठेवले नाही. २०२२ मध्ये आधी २५ च नावे दिली, मार्कस थुरामचे नाव मागाहून जोडले. करीम बेंझेमा स्पर्धेच्या तोंडावर जखमी होऊन परतल्यावर त्याच्या जागी कोणालाच बोलावले नाही. २०२४ च्या युरोला २६ ची मुभा असताना २५ च नेले. जागा रिकामी राहिली तर त्यांना चालते.

याची दुसरी बाजूही आहे. ज्याच्यावर विश्वास बसला त्याला ते सहसा सोडत नाहीत. आघाडीचा खेळाडू ग्रीझमन २०१७ ते २०२४ या काळात फ्रान्सचे सलग ८४ सामने खेळला. काही वेळा ही निष्ठा जरा लांबतेही.

बेंझेमाचे प्रकरण काय होते?

२०१५ मध्ये संघातलाच खेळाडू मॅथ्यू व्हॅल्ब्युएना याच्याशी संबंधित ब्लॅकमेल प्रकरणात बेंझेमाची चौकशी सुरू झाली आणि तो संघाबाहेर गेला. २०१६ मध्ये बेंझेमाने एका मुलाखतीत देशाँ वंशवादी दबावापुढे झुकल्याचे म्हटले, आणि त्यानंतर देशाँ यांच्या घराच्या भिंतीवर कोणीतरी तसाच मजकूर रंगवला. हे त्यांना वैयक्तिक पातळीवर लागले होते. तरीही मे २०२१ मध्ये, साडेपाच वर्षांनी, त्यांनी त्याला परत घेतले, आणि त्या उन्हाळ्यातल्या युरोत त्याने चार गोल केले. नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने त्या प्रकरणात बेंझेमाला दोषी ठरवून स्थगित कारावास आणि दंड ठोठावला, पण तो संघात राहिला.

मध्यरक्षक राबियोचेही असेच. २०१८ मध्ये राखीव यादीत राहायला त्याने नकार दिला, दोन वर्षे बाहेर राहिला, मग परतला आणि २०२२ मध्ये मधल्या फळीतला मुख्य खेळाडू झाला. देशाँ सहज विसरत नाहीत, पण उपयोग दिसला की दार उघडतात.

नोकरी जाता जाता वाचली, असा प्रसंग कोणता?

नोव्हेंबर २०१३. विश्वचषकासाठीच्या प्ले-ऑफचा पहिला सामना कीवमध्ये युक्रेनने २-० जिंकला. चार दिवसांनी परतीचा सामना. देशाँ यांनी पाच बदल केले: वरान, साखो, काबाय, व्हॅल्ब्युएना आणि बेंझेमा आत. मांडणी ४-२-३-१ वरून ४-३-३, म्हणजे मधल्या फळीत पोग्बा आणि मातुइदीच्या मागे काबायच्या रूपाने एक स्थिर माणूस, त्यामुळे ते दोघे पुढे जायला मोकळे. फ्रान्स ३-० जिंकला. त्या संघातले बरेच जण पुढच्या उन्हाळ्यात ब्राझीलला गेले आणि उपांत्यपूर्व फेरीत जर्मनीकडून ०-१ हरले.

२०१६ चा युरो घरच्या मैदानावर कसा हातातून गेला?

स्पर्धेच्या मध्यात त्यांनी एक अचूक दुरुस्ती केली होती. आयर्लंडविरुद्ध ०-१ मागे असताना मध्यंतराला कान्टेला काढून कोमानला आणले आणि ग्रीझमनला जिरूच्या मागे मधोमध खेळवले. ग्रीझमनने दोन गोल केले, आणि पुढे उपांत्य सामन्यात जर्मनीविरुद्धही दोन. अंतिम सामन्यात रोनाल्डो २५ व्या मिनिटाला जखमी होऊन गेल्यावर पोर्तुगाल अधिकच मागे सरकला. भरपाई वेळेत जिन्याकचा फटका खांबाला लागला, आणि जादा वेळेत १०९ व्या मिनिटाला एडेरने लांबून गोल केला. मागे दाटीने बसलेला संघ फोडायचा कसा, या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी फ्रान्सकडे नव्हते. देशाँ यांच्या संघांची ही जुनी दुखरी नस आहे.

२०१८ मध्ये काय जुळले? खेळ तर कंटाळवाणा होता म्हणतात.

अर्जेंटिनाविरुद्धचा ४-३ सामना ज्याने पाहिला तो कंटाळवाणा म्हणणार नाही. पण तक्रारीत तथ्य आहे, आणि हे सगळे ठरवून केलेले होते.

पहिल्या सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध एम्बापे, ग्रीझमन, डेम्बेले असे तीन चपळ खेळाडू पुढे होते. संघ २-१ जिंकला, पण विस्कळीत दिसला. पेरूविरुद्ध डेम्बेले आणि तोलिसो बाहेर, जिरू आणि मातुइदी आत. मातुइदी कागदावर डावा विंगर, प्रत्यक्षात चौथा मध्यरक्षक. त्यामुळे उजवीकडे एम्बापेला मागे धावायची फारशी गरज उरली नाही. जिरूने पूर्ण स्पर्धेत गोलच्या चौकटीत एकही फटका मारला नाही आणि तरीही त्याची जागा पक्की होती, कारण लांबचे चेंडू छातीवर घेणे आणि दोन बचावपटूंना गुंतवून ठेवणे हे त्याचे काम होते. फुलबॅक (कडेचे बचावपटू) पाव्हार आणि लुका हर्नांडेझ हे मुळात मधले बचावपटू, आंतरराष्ट्रीय अनुभव जेमतेम. थोडक्यात मागे चार बचावपटू, पुढे कान्टे, पोग्बा आणि मातुइदी.

आता गोल पाहा. उरुग्वेविरुद्ध वरानचे हेडर, फ्री किकवर. बेल्जियमविरुद्ध उम्तीतीचे हेडर, कॉर्नरवर. अंतिम सामन्यात क्रोएशियाविरुद्ध पहिला मांजुकिचचा स्वयंगोल, ग्रीझमनच्या फ्री किकवर. दुसरा पेनल्टीवर, आणि ती पेनल्टीही कॉर्नरवरच्या हँडबॉलमधून मिळालेली. चेंडू जास्त वेळ क्रोएशियाकडे होता. ५५ व्या मिनिटाला, पिवळे कार्ड मिळालेल्या आणि चाचपडणाऱ्या कान्टेला काढून एन्झोन्झीला आणले. अंतिम सामन्यात, आघाडी असताना, संघाचा सगळ्यात लाडका खेळाडू बाहेर काढायला धीर लागतो. त्यानंतर पोग्बा आणि एम्बापेचे गोल झाले. निकाल ४-२.

खेळाडू आणि प्रशिक्षक म्हणून विश्वचषक जिंकणारे किती जण?

तीन: ब्राझीलचे मारिओ झागालो, जर्मनीचे फ्रान्झ बेकेनबाउर आणि देशाँ. खेळाडू म्हणून कर्णधारपद भूषवून जिंकलेले त्यातले दोन, बेकेनबाउर आणि देशाँ. झागालो आणि बेकेनबाउर जानेवारी २०२४ मध्ये दोन दिवसांच्या अंतराने गेले. प्रशिक्षक म्हणून दोनदा जिंकलेले मात्र इटलीचे व्हित्तोरिओ पोझ्झो, १९३४ आणि १९३८. २०२२ मध्ये देशाँ त्या ओळीपासून एका पेनल्टी शूटआउटवर होते.

२०२१ च्या युरोत स्वित्झर्लंडकडून हार कशी झाली? आघाडी तर ३-१ होती.

दोन्ही डावे फुलबॅक दुखापतग्रस्त होते. म्हणून देशाँ यांनी तीन बचावपटूंची मांडणी केली आणि राबियोला डावीकडे विंगबॅक (कडेने पुढे-मागे धावणारा खेळाडू) केले. सराव नसलेली मांडणी. पहिल्या अर्ध्यात संघ गोंधळला, सेफेरोविचने हेडरने गोल केला. मध्यंतराला लाँगलेला काढून कोमान आत आणि पुन्हा चार बचावपटू. मग लोरिसने पेनल्टी अडवली, बेंझेमाने दोन गोल केले, पोग्बाने तिसरा. ८१ व्या मिनिटापर्यंत ३-१.

चूक पुढे झाली. ८८ व्या मिनिटाला, ३-२ असताना, ग्रीझमनला काढून सिसोको आला आणि ९० व्या मिनिटाला बरोबरी झाली. जादा वेळेच्या सुरुवातीला बेंझेमाही दुखापतीने गेला. सामना पेनल्टींवर पोचला तेव्हा पेनल्टीचे दोन भरवशाचे खेळाडू बाकावर होते. शेवटची एम्बापेची पेनल्टी अडवली गेली. दोष त्याच्यावर गेला, पण सामना आधीच सैल सुटला होता.

२०२२ च्या अंतिम सामन्यात ४१ व्या मिनिटालाच दोन बदल का?

दी मारिया डावीकडून खेळेल हे अर्जेंटिनाने ठरवले होते आणि फ्रान्सची उजवी बाजू उघडी पडली. डेम्बेलेकडून फाउल, पेनल्टी, मेस्सीचा गोल. ३६ व्या मिनिटाला संघाचा दुसरा गोल दी मारियाचा. देशाँ यांनी मध्यंतराचीही वाट न पाहता जिरू आणि डेम्बेलेला काढले, थुराम आणि कोलो मुआनी आत. ७१ व्या मिनिटाला ग्रीझमन आणि थेओ हर्नांडेझही बाहेर, आणि कामाविंगा हा मध्यरक्षक डाव्या फुलबॅकच्या जागी. ८० व्या मिनिटाला पेनल्टीवर आणि ८१ व्या मिनिटाला पुन्हा एम्बापे. जादा वेळेत मेस्सी, मग एम्बापेची हॅटट्रिक. शेवटच्या क्षणी कोलो मुआनीचा फटका एमिलियानो मार्टिनेझने पायाने अडवला. पेनल्टींवर ४-२ हार.

हे विसरू नये की पोग्बा, कान्टे, किम्पेम्बे, एन्कुंकू आणि बेंझेमा स्पर्धेआधीच बाद झाले होते आणि लुका हर्नांडेझ पहिल्याच सामन्यात. ग्रीझमनला मधल्या फळीत नेण्याची कल्पना त्या टंचाईतून आली. आमच्या मते ती त्यांच्या कारकिर्दीतली सर्वोत्तम चाल, २०१८ च्या मातुइदीपेक्षाही सरस.

२०२४ च्या युरोत गोलच होत नव्हते, हे खरे?

खरे. उपांत्य सामन्यापर्यंतच्या पाच सामन्यांत तीन गोल: दोन प्रतिस्पर्ध्यांचे स्वयंगोल आणि एम्बापेची एक पेनल्टी. पोर्तुगालला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवले. खुल्या खेळातला पहिला गोल कोलो मुआनीने उपांत्य सामन्यात स्पेनविरुद्ध केला, आणि तो सामना १-२ गेला.

जाण्याचा निर्णय कधी जाहीर झाला?

जानेवारी २०२५ मध्ये. करार २०२६ च्या विश्वचषकापर्यंतचा होता आणि त्यानंतर थांबणार असे त्यांनी स्वतःच सांगून टाकले. फ्रान्सचा प्रशिक्षक म्हणून सर्वाधिक सामन्यांचा, रेमों दोमेनेक यांचा ७९ सामन्यांचा विक्रम त्यांनी २०१८ मध्येच मागे टाकला होता.

त्यांचा जुना सामना पाहायचा असेल तर लक्ष कुठे ठेवावे?

चेंडूवर नको. फ्रान्सकडे आघाडी आली की डाव्या बाजूचा पुढचा खेळाडू किती मागे येतो ते पाहा, आणि एम्बापे असलेल्या बाजूला कोणता मध्यरक्षक सरकून जागा झाकतो तेही. २०१८ च्या बेल्जियमविरुद्धच्या उपांत्य सामन्यात उम्तीतीच्या ५१ व्या मिनिटाच्या गोलनंतरची चाळीस मिनिटे यासाठी उत्तम आहेत. जिरू आपल्या पेनल्टी क्षेत्राजवळ बचाव करतोय आणि शेवटच्या मिनिटांत एम्बापे कोपऱ्याकडे चेंडू घेऊन वेळ काढतोय, हे तिथे दिसेल.